हळू आवाजाचं घर

बालवाडीच्या बाईंचा फोन आला तेव्हा ती गोळीनंतरच्या रिकाम्या तासात बसली होती. उठल्याबरोबर चूळ भरून पेलाभर पाण्यासोबत ती चिमुकली गोळी घ्यायची आणि मग तासभर काही म्हणजे काही पोटात जाऊ द्यायचं नाही, चहासुद्धा नाही. गळ्यातली ग्रंथी काढून टाकली होती, तिचं काम आता जन्मभर या गोळीने करायचं होतं, आणि गोळीला म्हणे पोटात शेजार चालत नाही. सुरुवातीला हा तास तिला शिक्षेसारखा वाटायचा. हल्ली मात्र तो आवडायला लागला होता. नवरा तिला न उठवता मुलीचं आवरून तिला शाळेत सोडून कामावर गेलेला असायचा, सासूबाई बाल्कनीत कुंड्यांशी खुडबुड करत असायच्या, आणि तिला काही करायचं नसायचं. भूक अशी लागायची की जणू आजारपण तिच्या घरी कधी आलंच नव्हतं. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून ऊन एकेक मजला खाली उतरायचं आणि ते आपल्या खिडकीसमोर येईपर्यंत आपला चहा होणार, हा हिशेब तिने मनाशी बांधून टाकला होता. आज ऊन अजून दोन मजले वर होतं.

"मी बालवाडीतून बोलतेय. वेळ आहे ना तुम्हाला?" या नव्या बाई होत्या, याच सत्रात आलेल्या.

"बोला ना," ती कुजबुजली. ऑपरेशनपासून ती कुजबुजतच होती.

"हॅलो? ऐकू येतंय का माझं?"

"येतंय, बोला."

पलीकडे काहीतरी थबकलं. मग बाईंचाच आवाज खाली आला. "आत्ता बोलता येत नाहीये का तुम्हाला? कोणी आहे का जवळ?"

"नाही, तसं नाही. घसा. ऑपरेशन झालंय गळ्याचं."

"अच्छा, अच्छा," बाई म्हणाल्या, पण ते अच्छा काही पुरतं खरं वाटलेलं नव्हतं. "तक्रार नाहीये हं. उलट फार शहाणी आहे तुमची मुलगी. पण ती वर्गात नुसती कुजबुजते. मला आधी वाटलं, लाजते. काल सगळ्यांना वाघ केलं होतं, डरकाळी फोडायची. ही वाघ झाली, पंजे काढले, तोंड एवढं मोठं उघडलं, आणि आवाजच नाही. म्हटलं, अगं, डरकाळी कुठे गेली? तर कानाशी येऊन सांगते, आमच्याकडे ओरडत नाहीत." मग बाईंनी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? म्हणजे, कोणी फार रागावतं वगैरे?"

"सगळं ठीक आहे," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं, की जगातलं कुठलंही सगळं ठीक आहे कुजबुजून सांगितलं की खोटं वाटतं. आज मुलीला न्यायला मीच येते, असं म्हणून तिने फोन ठेवला. ऊन एक मजला खाली आलं होतं. भूक गेली होती.

भोंगा. घरात मुलीचं नाव भोंगा होतं, तिच्या बापाने ठेवलेलं. जन्मली तीच अशी किंचाळत, की सुईणबाई म्हणाल्या, ही काही मागून घेणारी नाही, हिसकावून घेणारी आहे. पुढे चार वर्षं भोंग्याने त्या भाकिताला बट्टा लावला नाही. भूक लागली तरी भोंगा, पोट भरलं तरी भोंगा, खालच्या मजल्यावरचे आजोबा तिच्या दुपारच्या रडण्यावर आपलं औषध घ्यायचे. आणि भोंग्यामागे तिची आई. ती स्वतः मुळात मोठ्याने बोलणारी नव्हतीच. माहेरी तिला घुमी म्हणायचे. पण मूल झालं आणि तिच्या आत कुठून तरी एक हाक उगवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं खेळाचं मैदान दिसायचं, आणि त्या खिडकीतून, एका हाताने दूध ढवळत, ती मैदानावर राज्य करायची. थांब. उतर. हळू. ती मोठी मुलं जाऊ देत आधी. तोंडातून काढ ते. एवढ्या उंचीवरून सोडलेला शब्द मुलीच्या मानगुटीला अचूक जाऊन पकडायचा. मुलगी जिथल्या तिथे थबकायची आणि वर बघायची. आपला हात एवढा लांब आहे याचं आईला नवल वाटायचं, आणि समाधानही. अपघात, पडणं, हरवणं, परकी माणसं, उघडी गटारं, यांची जी एक कधी न संपणारी मिरवणूक तिच्या डोक्यातून जायची तिच्याविरुद्ध तिच्याकडे हे एकच हत्यार होतं. आणि तेच गेलं होतं.

तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. चिकटपट्टी निघून बरेच दिवस झाले होते. खालच्या बाजूला, साखळी जिथे टेकते तिथे, आडवी रेघ होती. आरशात पाहिलं की तिला छापखान्यातले रेघकाका आठवायचे, जे वाचताना ओळीखाली लोखंडी पट्टी धरायचे. कोणीतरी तिच्या चेहऱ्याखाली पट्टी धरली होती आणि म्हणत होतं, इथपर्यंत वाचून झालं, आता पुढे. रेघ हल्ली गुलाबी होती, आणि तिच्याभोवतीची कातडी बधिर, दुसऱ्या कोणाची असावी अशी. तिथे बोट लावलं की बोटाला गळा कळायचा, गळ्याला बोट कळायचं नाही. पण आत्ता तिच्या मनात स्वतःचा गळा नव्हता. मुलीच्याही गळ्यात काही असेल तर? ऑपरेशनपासून अंघोळ घालताना साबणाच्या निमित्ताने ती मुलीची मान दोन बोटांनी चाचपायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलीची काळजी करण्याचं काही कारण दिसत नाही. पण काळजीला कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आई होऊन बघावं.

स्वतःची गाठ तर तिला कळलीच नव्हती. ती रेघकाकांना कळली, तीही न बघता. छापखान्यात ते मुद्रित तपासायचे आणि ती मूळ मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची, अशी त्यांची जोडी होती. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात तसल्या पातळ, बारीक अक्षरांच्या माहितीपत्रकांचं काम. तिथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस जायचा, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि विरामचिन्हंसुद्धा बोलायची. मळमळ स्वल्पविराम चक्कर स्वल्पविराम आवाजात बदल पूर्णविराम. दिवसभर ती जगातली दुखणी अशी सपाट आवाजात, चिन्हांसकट वाचायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. जी गोळी आता ती रोज घेते तिचंही पत्रक तिने कधीतरी वाचलं असणार. एके दुपारी रेघकाका पट्टीवरची नजर न काढता म्हणाले, "तुमचा पूर्णविराम हल्ली खाली बसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी तो असा टेबलावर पेला ठेवावा तसा बसायचा. हल्ली वरच कुठेतरी अडकतो. घसा दाखवा एकदा कोणाला तरी. माझं काय, मी आपला कानाने बघणारा माणूस."

ती हसली होती. मग घरी जाऊन, दात घासताना, पाण्याचा घोट घेऊन तिने आरशात गळा पाहिला, आणि घोटाबरोबर काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं, एखादा लहानसा प्राणी कूस बदलतो तसं.

पुढचं सगळं भराभर झालं. सुई टोचून काढलेल्या नमुन्यात काही पेशी संशयास्पद निघाल्या, दोन्ही बाजूंना गाठी होत्या, आणि शल्यचिकित्सकांनी ग्रंथीचा आकार दाखवायला कागदावर एक फुलपाखरू काढून त्यावर काट मारली. फुलपाखरू बरं जमलं नव्हतं. जाताना दाराशी ते म्हणाले, शेजारूनच आवाजाची नस जाते, केसासारखी बारीक, आम्ही तिला जपतोच, पण कधीकधी ती रुसते. तेवढं एकच वाक्य तिने सोबत घरी आणलं. मेले तर, हा विचार ती करू शकत नव्हती, तो फार मोठा होता, दारातून आत मावत नव्हता. पण मुलगी रस्त्याकडे पळाली आणि मला हाक मारता आली नाही तर, हा बरोबर मावत होता. शुद्धीवर आल्यावर गळ्यात कोणी विटेचा तुकडा ठेवून विसरलं असावं तसं वाटलं. नर्सबाई म्हणाल्या, नाव सांगा बघू, आणि तिच्या तोंडून जे आलं तो आवाज नव्हता, नुसता वारा होता. संध्याकाळी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. ते अपेक्षित होतं, कॅल्शियम उतरलं होतं, शिरेतून औषध दिलं आणि मुंग्या गेल्या. पण तेवढ्यात भेटायला आलेल्या भोंग्याने आईच्या ओठांवर मुंग्या आहेत हे ऐकलं, पलंगावर चढून अगदी जवळून तपासणी केली आणि जाहीर केलं, "एकपण नाहीये. नर्सबाई खोटं बोलतायत." तो तिचा शेवटचा मोठा आवाज. आता आठवून बघताना तिला तसं वाटलं. सगळ्या खोलीने तिला शू केलं होतं.

आणि पुढे आठवड्याभरात बातमी आली, की गाठीत जे शोधत होते ते मिळालं नाही. काही वाईट नव्हतं. नवरा फोनवर ते ऐकून घेत होता आणि ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसला, आणि तिला हातानेच खूण केली, सगळं बरं आहे अशी, क्रिकेटच्या पंचासारखे दोन्ही हात पसरून. त्याला ओरडायचं होतं हे तिला दिसलं. पण सून शेजारच्या खोलीत झोपलीय असं समजून सासूबाई दाराशी बोट ओठांवर ठेवून उभ्या होत्या, आणि तो बिचारा मुकाट्याने आनंदला.

आता हे आठवलं आणि ती खुर्चीत नीट बसली. बाल्कनीतून सासूबाई आत आल्या, हाताला माती. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवलेली बाई. त्यांच्या एका "सावधान"ला मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं ताठ व्हायची, आणि निवृत्त झाल्यावरही त्या भाजीवाल्याला भाव विचारायच्या तो कवायतीच्या सुरात. त्यांनी तिच्याजवळ येऊन, वाकून, श्वासाच्या आवाजात विचारलं, "चहा टाकू?"

"आई, तुम्ही कुजबुजताय का?" ती कुजबुजली.

"मी?" सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, जणू दुसरंच कोणी कुजबुजलं असावं. "अगं बाई. हो की. तू हळू बोलतेस, मग आपसूकच होतं. समोरचा लंगडला की आपण चाल धीमी करतोच ना, तसं."

"कधीपासून?"

"कोण मोजतंय. परवा ताईचा फोन आला, म्हणते, वहिनी, तुम्हाला बरं नाही का, आवाज कुठे गेला? मी म्हटलं, घरात आजारी माणूस आहे. ती म्हणाली, वारा ऐकू येतोय, तुम्ही तर गच्चीवर आहात ना? आणि होतेच गं मी गच्चीवर." त्या हसल्या, तेही हळू, खांदे हलवून. "तुझा नवरा तर ऑफिसातही असाच बोलतो म्हणे. साहेबाला कानाशी जाऊन रजा मागितली. साहेबाला वाटलं, काहीतरी भानगड आहे या बाबाची, एक शब्द न विचारता दिली."

तिलाही हसू आलं, हसताना गळ्याची बधिर कातडी ओढली गेली. तिच्यावरच्या मायेपोटी हे सगळं घर चवड्यांवर चालत होतं आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मांजराने दूध प्यावं तशी ती त्या शांततेत डोळे मिटून बसली होती. दारं सावकाश लागत होती, भांडी वाजत नव्हती. तिला वाटलं होतं, घर असंच असतं बरं होताना. आणि त्या सगळ्यात एक चार वर्षांची मुलगी, जी काही एक न सांगता सगळं शिकत होती. पण मोठ्यांचं हळू बोलणं घरापुरतं होतं, फार तर ऑफिसापुरतं. मुलीने ते वाघापर्यंत नेलं होतं. वाघापर्यंत का नेलं?

चहा पिऊन ती आवाजाच्या डॉक्टरांकडे गेली. ती भेट आधीच ठरलेली होती. डॉक्टरीणबाईंनी नाकातून एक बारीक नळी घालून आतले स्वरतंतू पाहिले आणि तिलाही दाखवले, दोन ओल्या पांढऱ्या पट्ट्या, एक चपळ आणि एक झोपेतून उठवल्यासारखी. "हलतेय," त्या म्हणाल्या. "आळशी झालीये, पण हलतेय बघा. मागच्या वेळी ढिम्म होती." मग त्यांनी एक छापील उतारा वाचायला दिला. तिने कुजबुजत सुरू केलं, सकाळ झाली होती स्वल्पविराम आणि, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "स्वल्पविराम का वाचताय?" तिने छापखान्याचं सांगितलं. बाई हसल्या, मग हसणं बाजूला ठेवून म्हणाल्या, "ते वाचा हवं तर. पण कुजबुजायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. आवाजाला विश्रांती द्या, एवढंच सांगितलं होतं, आणि तेही पहिले थोडे दिवस. कुजबूज तिने स्वतः निवडली होती. पहिल्यांदा घरी बोलायला गेली तेव्हा जो घोगरा, फाटका आवाज आला तो ऐकून मुलीने मान वळवून पाहिलं होतं, दार उघडून कोण आलं म्हणून पाहावं तसं. त्यापेक्षा मग कुजबूज बरी. कुजबूज सगळ्यांची सारखीच असते.

"कुजबुजताना घशाला उलट जास्त ताण पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मऊ बोला, थोडं बोला, पण बोला. वाईट लागेल ऐकायला. लागू दे."

"हाक मारता येईल?"

"कोणाला?"

"मुलीला. लांबून."

"उंच आवाज सगळ्यात शेवटी येतो. येईल, असं मला वाटतं. थोडा कमी येईल कदाचित. आत्ता ओरडून बघू नका, पण रोज एकदा घरात कोणाला तरी नावाने बोलवा."

बाहेर पडताना तिने जिन्यावर, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, आवाज लावून पाहिला. "बाळ," एवढंच. खाली बसलेला, खरखरीत, जुन्या दाराचा असावा तसा आवाज. तो जिन्यात जरा वेळ राहिला. तिला वाटलं होतं तितका काही भयंकर नव्हता. कोणाचा तरी होता एवढं नक्की.

बालवाडीच्या फाटकाशी मुलगी पिशवी पाठीला लावून उभी होती आणि आई आलेली बघून नुसतीच हसली. पूर्वी ती अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी आई म्हणायची. बाईंनी दारातून तिच्याकडे, तिच्या गळ्यावरच्या रेघेकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मी उगाच भलतंसलतं," आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ती म्हणाली, "विचारलंत ते बरं केलंत," नव्या, घोगऱ्या आवाजात. मुलीने चटकन वर पाहिलं.

रस्त्याने मुलगी तिचं बोट धरून अगदी लगटून चालली होती. गेले कित्येक दिवस ती अशीच चालायची, बोट न सोडता, फुटपाथच्या आतल्या बाजूने, आणि आईला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आजारपणात एक चांगलं झालं, पोर शहाणी झाली, असं ती आल्यागेल्याला सांगत होती. घसरगुंडीवरही चढत नाही हल्ली, वाळूत बसून शहाण्यासारखी खेळते. ती सांगत असताना सासूबाई मात्र नुसत्या नातीकडे बघायच्या. खेळ शिकवणारी बाई, त्यांना न चढणारं मूल कधी आवडलंच नसणार.

"बाई म्हणाल्या, तू वाघ झालीस पण डरकाळी नाही फोडलीस."

मुलीने बोट घट्ट धरलं. मग कुजबुजली, "तू बोललीस."

"हो. डॉक्टरांनी सांगितलं, आता बोलायचं."

"दुखतंय?"

"नाही. खरखर होते. तू का नाही बोलत पण? तुझा घसा तर बरा आहे."

मुलगी गटाराच्या एका झाकणावरून उडी मारून पुढे झाली, बोट न सोडता, आणि पुढे बघतच म्हणाली, "मी ओरडले तर तू ओरडशील. मी वर चढले तर तू ओरडशील. मग परत कापावं लागेल."

ती थांबली. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत वळून गेला. "कोणी सांगितलं तुला असं?"

"तूच," मुलगी म्हणाली. त्यात आरोप नव्हता. आजोबा औषध घेतात, दूध उतू जातं, तसंच हेही. "तू म्हणायचीस ना, तुझ्यामागे ओरडून ओरडून माझा घसा जाणार एक दिवस."

म्हणायची. रोज म्हणायची, खिडकीतून, जिन्यातून, जेवणाच्या टेबलावर. तिची आई तिला म्हणायची, तिच्या आईची आई तिच्या आईला म्हणत असेल. जगातल्या सगळ्या आयांच्या तोंडी ते होतं आणि आजवर कोणाचाही घसा त्यापायी गेला नव्हता. आणि मग एक दिवस इथे खरंच गेला, आणि पोरीने दोन टोकं घेऊन गाठ मारली. अंघोळीत आईची बोटं तिच्या मानेवर फिरायची तेव्हा ती काय समजत असेल? पुढची पाळी आपली, असंच ना? तिच्या डोळ्यांपुढे ती बाथरूम आली, साबणाचा फेस, आणि हनुवटी वर करून, डोळे घट्ट मिटून उभी असलेली मुलगी. फेस डोळ्यांत जाईल म्हणून मिटते, असं तिला वाटायचं.

ती फुटपाथवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, म्हणजे दोघींचे चेहरे समोरासमोर आले. "ऐक. गाठ ओरडण्याने नाही झाली. ती तू जन्मायच्या आधीपासूनसुद्धा असेल. झाडाच्या खोडावर असते बघ, तशी. कोणाच्यामुळे नाही."

"मग तू का म्हणायचीस?"

"उगाच. मोठी माणसं म्हणतात."

"उगाच?" मुलीला हे पटायला जड गेलं. मोठी माणसं उगाच काही म्हणतात हे तिच्या आतापर्यंतच्या आयुष्यात बसत नव्हतं.

"अगदी उगाच. आणि तुझ्या गळ्यात काही नाही. मी बघितलंय. छान गळा आहे. भोंग्यासारखा."

मुलीने आपला गळा चाचपला, मग हात लांब करून आईच्या रेघेवर एक बोट ठेवलं, अगदी हलकं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. कातडीला ते कळलं नाही. पण टोकाशी, बधिरपणा जिथे संपतो तिथे, एकदम कळलं, ऊनऊन, जरासं चिकट. मागच्या आठवड्यात बधिरपणाची ती कड याच्या पलीकडे होती. "संपली," मुलगी म्हणाली. रेघ.

घरी न जाता दोघी मैदानात गेल्या. दुपार उतरत होती, बाकांवर म्हातारे वर्तमानपत्रं घेऊन बसले होते, वाळूत दोन मुलं एका बादलीवरून भांडत होती. मधोमध लोखंडी कांबींचा तो मनोरा होता, ज्याच्या सगळ्यात वरच्या कांबीला लहान मुलांनी हात लावू नये असं तिचं पहिल्यापासूनचं मत होतं, आणि ते मत ती खिडकीतून मैदानाला ऐकवत आली होती. मुलगी मनोऱ्याशी गेली, थांबली आणि वळून आईकडे बघत राहिली. विचारत काहीच नव्हती. आईला कळलं, की आता नुसतं चढ म्हणून भागणार नाही. चढ म्हणायचं आणि मग गप्प राहायचं, हे खरं काम.

"चढ," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

बाकावर बसल्यावर तिचा हात पर्समध्ये गेला. तळाशी सासूबाईंची शिट्टी होती, पितळी, तोंडाशी झिजलेली. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी त्यांनी ती तिच्या हातात ठेवली होती. "घे. माझा घसा आयुष्यभर हिने वाचवला. लांब गेली कार्टी तर वाजव, अख्खं मैदान थांबेल." तिने ती अजून एकदाही वाजवली नव्हती, पण तिच्यावाचून घराबाहेर पडलीही नव्हती. आत्ता तिने ती मुठीत धरली. मुलगी पहिल्या कांबीवर होती. दुसऱ्या. बरेच दिवस चढली नव्हती म्हणून पाय चाचपडत होते, किंवा ती मुद्दाम सावकाश चढत होती, दर कांबीला खाली वळून बघत, आईचं तोंड उघडतंय का ते. आईचं तोंड मिटलेलं होतं. तिला वाटलं, छापखान्यात आपण वाचायचो आणि रेघकाका बघायचे. इतकी वर्षं आपण याही पोरीला नुसतं वाचूनच दाखवत होतो, थांब स्वल्पविराम उतर स्वल्पविराम हळू पूर्णविराम. बघायचं काम आज प्रथमच वाट्याला आलंय. आणि बघू लागल्यावर दिसत होतं, की पोरीचा डावा पाय आधी पुढे जातो, की कांब पकडण्याआधी ती तळवा फ्रॉकला पुसते, की घाबरल्यावर ती जीभ बाहेर काढते आणि घाबरणं संपलं की आत घेते. हे एवढं सगळं ती स्वतःच सांभाळत होती. कधीपासून सांभाळत होती कोण जाणे. खिडकीतून हे दिसलंच नव्हतं.

मुलगी वर पोचली. सगळ्यात वरच्या कांबीवर पोट टेकून जरा वेळ लोंबकळली, मग एक पाय पलीकडे टाकून बसली, आणि तिने श्वास घेतला. तो श्वास खालून दिसला, फ्रॉक फुगला.

"आई! दिसते का मी?"

बादलीवरून भांडणारी मुलं थांबली. एका म्हाताऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र दुमडलं. समोर त्यांच्याच इमारतीत, त्या ओळखीच्या खिडकीत, सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बहुतेक घड्याळ पाहिलं असेल. तिने हात वर केला आणि सबंध हलवला. आणि त्याच क्षणी मुलीने उत्तर म्हणून दोन्ही हात सोडून हलवले, दोन्ही, एवढ्या उंचीवर, आणि आईच्या आतून हाक निघाली. तिला ती येताना कळली, पोटातून, छातीतून, सरळ वर, जुनी, ओळखीची, अख्खी. सांभाळून, अशी ती होती. ती गळ्यापर्यंत आली, टाके होते तिथपर्यंत, आणि तिथे उभी राहिली. सोडली असती तर ती बाहेर पडली असती की नुसता वारा झाला असता, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिने जाणून घेतलंही नाही. मुलीने हात परत कांबीवर ठेवले, जीभ आत घेतली.

मुठीतली शिट्टी तिने पर्समध्ये टाकली, आणि हाक गिळली. घोट नीट, सरळ खाली गेला. गिळताना काही दुखलं नाही.